साडेनऊ हजारांचा बीएक्स

भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, तळमजल्यावर, माझ्या मावसभावाचा गाळा आहे. दादा डाय बनवतो. भाईंदर म्हटलं की बाहेरच्या माणसाला लोकलची गर्दी आठवते; पण घरोघरच्या मांडणीवर जे स्टीलचे डबे, वाट्या, ताटं असतात त्यांतली कितीतरी इथल्या गाळ्यांमधून निघालेली असतात, आणि प्रत्येक वाटीच्या मागे कुठे ना कुठे एक डाय आणि एक पंच असतो. या कामासाठी दादाकडे एक वायरकट मशीन आहे. केसासारखी बारीक मॉलिब्डेनमची तार, तिच्यातून उडणाऱ्या ठिणग्या, वरून सतत पडणारं दुधट कूलंट, आणि एवढ्यावर कडक पोलाद लोण्यासारखं कापलं जातं. मशीन अजून ठणठणीत आहे. त्याचं डोकं मात्र पाव शतकापूर्वीचा एक कॉम्प्युटर आहे. पेन्टियम थ्री, त्यावर डॉस, आणि मदरबोर्डावरच्या लांब काळ्या आयएसए खाचेत बसवलेलं मशीनवाल्याचं कंट्रोल कार्ड.

पावसाळ्यातल्या एका सोमवारी हे डोकं बंद पडलं. पंखा फिरत होता, स्क्रीन काळी. दादाच्या कारागिराने रॅम काढली, तिचे सोनेरी पाय खोडरबराने घासले, परत लावली. आपल्याकडे कॉम्प्युटरची दुरुस्ती खोडरबरानेच सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. या वेळी संपली नाही. प्रोसेसरच्या शेजारी उभ्या असलेल्या कपॅसिटरांची टोपणं फुगली होती आणि खाचेच्या कडेला हिरवट थर धरला होता. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मिठागरं, अशा गावात तांबं हिरवं व्हायला पाव शतक लागतच नाही. मिरा रोडच्या एका चिप लेव्हलवाल्याने कपॅसिटर बदलून दिले. बोर्ड दोन दिवस चालला, तिसऱ्या दिवशी कायमचा गप्प झाला.

मग आम्ही दोघं दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं त्याला जमाना लोटला, पण कॉम्प्युटरच्या सामानासाठी जाणारा माणूस आजही लॅमिंग्टनलाच जातो. सहा दुकानांत मान हलली. सातव्यात एका वयस्क दुकानदाराने नुसतं ‘बीएक्स?’ असं विचारलं. इंटेलच्या १९९८ सालच्या ४४० बीएक्स या चिपसेटवरचा बोर्ड म्हणजे बीएक्स. आयएसए खाच असलेल्या शेवटच्या पिढ्यांपैकी एक. पोऱ्या शिडी लावून पोटमाळ्यावर गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक बोर्ड घेऊन आला. भाव साडेनऊ हजार. चेकिंग वॉरंटी, म्हणजे दुकानात चालवून दाखवणार. उंबरा ओलांडला की तुमचं नशीब.

शेजारच्याच काचेत चालू पिढीचा, सीलबंद डब्यातला, तीन वर्षांच्या वॉरंटीचा मदरबोर्ड सहा हजारांना होता. मी ते दाखवून हुज्जत घातली. दुकानदार चिडला नाही. म्हणाला, “मग तो घेऊन जा ना साहेब. तो चांगलाच आहे.”

परतीच्या गाडीत दादा बोर्डाची पिशवी मांडीवर धरून बसला होता. मालाडपर्यंत गप्प. मग म्हणाला, “लुटलं रे आपल्याला.” तेव्हा मी मान डोलावली. आता मात्र मला वाटतं की दादा लुटला गेला हे खरं, पण त्या दिवशी आणि त्या दुकानात नव्हे. ते मशीन विकत घेतलं त्या दिवशीच साडेनऊ हजारांची ती पावती फाटली होती. फक्त वसुली पंचवीस वर्षांनी झाली, आणि तीही भलत्याच माणसाच्या हातून.

जुन्या मालाचा भाव म्हटलं की आपल्या डोक्यात मंडई असते. सकाळची मेथी संध्याकाळी अर्ध्या किमतीत. कॉम्प्युटरच्या सामानाला हा नियम काही वर्षं चोख लागू पडतो. नवी पिढी आली की मागची उतरते, अजून एक आली की आणखी उतरते, आणि एक दिवस तो माल किलोवर जातो. ज्या काळात सगळेच बीएक्स फेकत होते त्या काळात भंगारवाल्याच्या हातगाडीवर तो फुकटासारखा मिळत असणार. पण मेथीच्या गोष्टीत यापुढे काही घडत नाही आणि इथे घडतं. फेकणारे फेकून मोकळे झाले की उरलेल्या थोड्या नगांमागे उरलेले थोडे गरजू लागतात, आणि भाव तळ गाठून पुन्हा चढू लागतो. पहिल्या उताराचा भाव हजारो गिऱ्हाइकांनी मिळून ठरवलेला असतो. या दुसऱ्या चढाचा भाव ठरतो एका दुकानदारात आणि एका अडलेल्या माणसात.

यावर कोणी म्हणेल, जुन्या गाड्यांच्या पार्टचं काय? मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी घ्या. कारखान्यातून ती बाहेर पडायची थांबली त्यानंतरही टॅक्सी म्हणून ती दोन दशकांहून जास्त धावली. शेवटची २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस रस्त्यावरून गेली. या सगळ्या वर्षांत तिचे पार्ट सोन्याच्या भावाने गेले नाहीत. कारण तिचा बुश कुर्ल्याच्या खराद्याला करता येत होता, मडगार्ड ठोकून सरळ होत होतं, आणि जे बनवता येत नव्हतं ते दुसऱ्या गाडीचं घासूनपुसून बसवलं जात होतं. लोखंडाची वस्तू गल्लीतल्या कारागिराच्या आवाक्यात असते. दादा स्वतः असा कारागीर आहे. हातात नमुना दिला तर कुठलाही पंच दोन दिवसांत करून देईल. पण त्याच्याच मशीनमधली नखाएवढी चिप तो करू शकत नाही, आणि एका नगासाठी ती जगात कोणीच करून देणार नाही.

चिप स्वस्त असते ती एकाच कारणाने: ती कोट्यवधींनी छापली जाते. बारा इंची सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिपा एकदम उमटतात. चकती घडवणारा कारखाना उभारायला अब्जावधी डॉलर लागतात आणि तो रात्रंदिवस चालला तरच परवडतो. तेव्हा ज्या मालाची मागणी आटली त्याला त्या पट्ट्यावर जागा राहत नाही. पट्टा एकदा नव्या मालाकडे वळला की जुन्यासाठी तो परत फिरवत नाहीत. इंटेलने १९८५ साली आणलेली ३८६ ही चिप घरच्या कॉम्प्युटरांतून केव्हाच गेली होती, तरी यंत्रांत बसवण्यासाठी ती २००७ पर्यंत बनत राहिली. गिऱ्हाइकांना आधी वर्षभराहून जास्त मुदतीची सूचना मिळाली होती: शेवटची ऑर्डर आताच द्या. मोठी गिऱ्हाइकं अशा वेळी पुढच्या दहा वर्षांचा साठा करून ठेवतात. भाईंदरच्या गाळ्यात असली पत्रं येत नाहीत.

हे सगळं दादाच्या डॉसच्या जमान्यापुरतंच आहे असं वाटत असेल तर २०२५ साल आठवा. रॅमच्या बाजारात तेव्हा डीडीआर५ ही चालू पिढी होती आणि डीडीआर४ मावळती. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या कारखान्यांत होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांना लागणाऱ्या महागड्या मेमरीत जास्त पैसा दिसू लागल्यावर तिघांनी डीडीआर४ आवरती घ्यायला सुरुवात केली. तशी कुणकुण लागताच गिऱ्हाइकांनी साठे करायला धाव घेतली, आणि जूनमध्ये हजर बाजारात डीडीआर४ च्या चिपेचा भाव डीडीआर५ च्या वर गेला. सावकाश चालणारी, २०१४ पासूनची जुनी चिप नव्या चपळ चिपेपेक्षा महाग! पुढे वर्षअखेरीस नवीही अशी काही भडकली की हा किस्सा झाकला गेला. पण ते काही आठवडे फार बोलके होते.

“मग लोकांनी सरळ नवी रॅम का नाही लावली?” हा प्रश्न मला एका हुशार, उच्चशिक्षित माणसाने विचारला होता, म्हणून त्याचं उत्तर जरा नीट देतो. रॅमच्या पट्टीला खालच्या कडेला एक खाच असते. प्रत्येक पिढीत ती किंचित सरकवतात, मुद्दाम, म्हणजे चुकीची पट्टी चुकीच्या बोर्डात बसूच नये. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्ही पट्ट्यांना २८८ पाय. हातात धरल्या तर बहिणी वाटतील. पण खाच काही मिलिमीटर इकडे-तिकडे, व्होल्टेज १.२ च्या जागी १.१, आणि आतली बोलण्याची रीत निराळी. नवी रॅम हवी तर नवा बोर्ड, नव्या बोर्डाला नवा प्रोसेसर, आणि मग विंडोज नवी हवी, आणि मग टॅलीवाला बोलवा, आणि प्रिंटरचा ड्रायव्हर मिळत नाही. दोन हजारांची पट्टी टाळायला निघालेला माणूस चाळीस हजारांत जाऊन बसतो. जुन्या पट्टीचा भाव म्हणूनच तिच्या जीबींवरून काढता येत नाही. ती न मिळाली तर तुमचं एकूण किती जाईल, त्यावर तो चढतो.

दादाचं तसंच झालं. नव्या बोर्डाला आयएसए खाच नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर जन्मलेली ती खाच २००० च्या आगेमागे नव्या बोर्डांवरून नाहीशी झाली. कार्ड अडॉप्टरवर चढवून पाहावं तर त्याचं डॉसमधलं सॉफ्टवेअर हार्डवेअरशी थेट बोलतं, मध्ये दुभाषा चालत नाही. मशीन बनवणाऱ्याने शटर ओढून बरीच वर्षं झाली. नवा कंट्रोल बसवून देणाऱ्याने सव्वा लाखाचा आकडा सांगितला होता, वर पंधरा दिवस मशीन बंद. म्हणजे साडेनऊ हजारांच्या त्या बोर्डावर छत होतं सव्वा लाखाचं, आणि जमीन होती भंगारातल्या काही रुपये किलोची. या दोन टोकांमध्ये दुकानदार कुठेही थांबू शकला असता. तो बऱ्यापैकी खाली थांबला, असं मी आता म्हणेन.

का थांबला त्याचाही हिशेब मांडून पाहू. समजा, त्याने अशाच एखाद्या बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावातून वीस बोर्ड चारशे रुपये नगाने उचलले. आठ हजार झाले. पोटमाळ्यावर त्यांनी अडवलेल्या जागेचं भाडं महिना पाचशे धरा, दक्षिण मुंबईत हे दानच आहे. पाच वर्षांचे तीस हजार. एकूण अडतीस हजार. वीसपैकी काही पडून पडून मेले, काही तपासताना मेले, आणि पाच वर्षांत खरं गिऱ्हाईक आलं चारच वेळा. अडतीस हजारांना चारांनी भागा. बरोबर साडेनऊ हजार येतात, आणि यात त्याचा चहाचा पैसासुद्धा धरलेला नाही. आकडे माझे आहेत, त्याने मला वही दाखवली नाही. पण धंद्याचा आकार हाच आहे: विकलेला एक नग न विकलेल्या चारांचं भाडं भरतो. सीलबंद मदरबोर्डाला हा भार नसतो. तो सोमवारी येतो, शनिवारी जातो.

दादाला हे पटायला हवं होतं, कारण तो स्वतः तेच करतो. त्याच्या गाळ्यात मागच्या भिंतीला रॅकवर जुन्या डाय आहेत, आता कोणी मागत नाही अशा घाटाच्या डब्यांच्या. पाच-सहा वर्षांतून एखादा जुना व्यापारी येतो, “ते आपलं पितळेच्या डब्यासारखं तोंड होतं ना” म्हणतो, आणि दादा त्याला नव्या डायपेक्षा जास्त लावतो. तिथे तो त्याला लूट म्हणत नाही, ‘सांभाळल्याचे पैसे’ म्हणतो. मी हे बोललो तेव्हा तो म्हणाला, “ते वेगळं.” काय वेगळं ते सांगितलं नाही.

दुकानदाराची वकिली मी इथवरच करतो. या बाजारात खोटही भरपूर आहे. उचकटलेल्या चिपेवरचं नाव खरवडून दुसरं छापायचं, ओढून काढलेला माल नवा म्हणून खपवायचा, हे सर्रास चालतं. अमेरिकी सिनेटच्या एका समितीला २०१२ च्या अहवालात लष्कराच्या पुरवठ्यात असे दहा लाखांवर संशयास्पद नग आढळले होते. लष्कराची ही गत, तर चेकिंग वॉरंटीवाल्याने काय करावं? टंचाईचा भाव असतो तिथे नकली माल हा येतोच. आणि अडलेल्यांत लहानमोठं नसतं. २००२ मध्ये खुद्द नासा शटलच्या बूस्टरांच्या तपासणी यंत्रासाठी इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ चिपा इंटरनेटवरच्या लिलावात शोधत होती.

खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो. काही जुन्या वस्तू महाग होतात आणि त्यांच्याच वयाच्या काही कवडीमोल होतात. हा फरक कुठून येतो?

मराठी कॉम्प्युटरवर आली तीही अशाच एका काळ्या खाचेतून. आयआयटी कानपूरच्या कामातून पुढे पुण्याच्या सीडॅककडे आलेलं जिस्ट कार्ड पीसीच्या खाचेत बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना त्या वेळचा आनंद वेगळा सांगायला नको. आज ते कार्ड कोणी साडेनऊ हजारांना मागत नाही. कोणी मागतच नाही, मागितलंच तर कपाटात ठेवायला. कारण त्या कार्डामागची सांकेतिकी, इस्की, लपवलेली नव्हती. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ती आयएस १३१९४ या क्रमांकाने जाहीर केली. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा युनिकोड आलं आणि इस्कीतला मजकूर छोट्याशा प्रोग्रॅमने उचलून इकडे आणता आला. कार्ड मेलं, मजकूर वाचला, आणि म्हणूनच कार्डाची किंमत शून्य झाली. एखाद्या जुन्या वस्तूची किंमत शून्य होणं याहून चांगली बातमी नसते.

आता याच्या शेजारी नव्वदीतल्या डीटीपीचा दुसरा रस्ता ठेवून पाहा. ज्याने त्याने आपापल्या फॉन्टमध्ये अक्षरं वाटेल त्या आकड्यांवर बसवली, आणि वर कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं हार्डवेअर लॉक दिलं. मुंबई-पुण्यात असे छापखाने आणि प्रकाशक आहेत, जे कोपऱ्यात एक विंडोज ९८ किंवा एक्सपीचा डबा अजून जिवंत ठेवतात, कारण जुन्या पुस्तकांच्या फायली तिथेच सरळ उघडतात. त्या डब्याची हार्ड डिस्क, त्याचा प्रिंटर पोर्ट, त्याची रॅम, सगळ्याला पोटमाळ्यावरचा भाव आहे. भाषा तीच, काळ जवळपास तोच. एकाने किल्ली चौकात टांगली, दुसऱ्याने खिशात घातली.

फ्लॉपीचीही गोष्ट अशीच. सोनीने साडेतीन इंची फ्लॉपी बनवणं २०११ मध्ये थांबवलं, आणि जुन्या एम्ब्रॉयडरी मशीनवाल्यांच्या पोटात गोळा आला. डिझाइनं फ्लॉपीवरूनच चढायची. पण फ्लॉपी ड्राइव्हची वायर काय बोलते हे जगजाहीर होतं. मग कोणीतरी ड्राइव्हच्याच मापाचा डबा काढला, मागे तीच वायर, पुढे पेन ड्राइव्हचं भोक. दीड-दोन हजारांत मशीनला वाटतं की आपण फ्लॉपीच वाचतोय. त्या एका डब्याने जुन्या ड्राइव्हच्या भावावर झाकण बसवलं. दादाच्या कंट्रोल कार्डासाठी असा डबा निघाला नाही. ते कार्ड बोर्डाशी काय बोलतं हे फक्त त्या बंद पडलेल्या कंपनीला माहीत होतं, आणि तिने ते जाताना कोणाला सांगितलं नाही.

सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही काढलं. त्यात मोबाइल, गाड्या, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं आहेत. गाळ्यातल्या यंत्रांचा त्या यादीत वेगळा विभाग नाही, आणि मला नवल वाटत नाही, कारण गाळेवाला ग्राहक म्हणून कधी भांडत नाही. तो शिव्या देतो आणि लॅमिंग्टनला जातो. माझी मागणी फार मोठी नाही. जो माल बनवणं बंद करेल त्याने त्याचे सर्किटचे नकाशे आणि सॉफ्टवेअरची किल्ली उघडी करावी. कारखाना बंद होताना कामगारांची देणी चुकवावी लागतात, तसं हेही एक देणं समजावं. यावर उत्तर येतं की मग आमच्या गुपितांचं काय. ज्या वस्तूतून तुम्हाला आता दमडी मिळत नाही तिचं गुपित राखण्याचा खर्च दादाने का भरायचा, हे मात्र त्या उत्तरात नसतं.

दुसऱ्या बाजूने भंगारवाला ओढतो आहे. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरांवर आणि कार्डांच्या पायांवर आजच्यापेक्षा सढळ हाताने सोनं चढवलेलं असे. त्यामुळे जो बोर्ड पोटमाळ्यावर पोहोचत नाही तो अ‍ॅसिडच्या बादलीत जातो, आणि दर वर्षी शिल्लक नग आणखी कमी होतात. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. माल अधिकृत पुनर्चक्रणाकडे गेला पाहिजे हे योग्यच आहे, पण चालू बोर्ड आणि मेलेला बोर्ड तिथेही एकाच तराजूत पडतात. त्या वयस्क दुकानदाराने साडेनऊ हजार मिळण्याची आशा धरली नसती, तर आमचा बोर्ड केव्हाच वितळून गेला असता.

त्या दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. दादाने जुळवून बघायला आपला मेलेला बोर्डही पिशवीतून नेला होता. व्यवहार झाल्यावर दुकानदाराने तो हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवून उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “हा ठेवून जायचा असेल तर आठशे देतो. वरच्या दोन चिपा कामाच्या आहेत.” सकाळी भाईंदरहून निघताना त्या बोर्डाची किंमत काहीच नव्हती.

दादाने दिला नाही. आता तो पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत, बुटांच्या खोक्यातून काढलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट, डायच्या रॅकवर सर्वांत वर ठेवलेला आहे. मार्करने त्यावर तारीख घातली आहे आणि खाली लिहिलंय: टाकू नये.